कांदा, भरीत, केळी आणि फ्लेव्होनॉइड : खान्देशी ताटातली ही द्रव्यं शरीरात नेमकं काय करतात?

'कांद्यात क्वेर्सेटिन असतं, रोज एक कच्चा कांदा खा आणि कॅन्सर विसरा.' 'वांग्याची साल म्हणजे अँटिऑक्सिडंटचा खजिना.' 'केळं हे सुपरफूड आहे.' असे मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येत असतील. त्यात एक शब्द हमखास असतो : फ्लेव्होनॉइड.

हा शब्द खोटा नाही. फ्लेव्होनॉइड खरंच असतात, त्यांचा शरीरावर परिणामही होतो. पण मेसेजमध्ये सांगितलेला परिणाम आणि संशोधनात दिसलेला परिणाम यात बरंच अंतर आहे. कुणी या मेसेजवर विसंबून महागड्या कॅप्सूल घेतं, कुणी चालू औषध बंद करतं, तर कुणाला जेवणानंतरच्या चहामुळे लोह कमी मिळतंय याचा पत्ताच नसतो.

म्हणून हा विषय जळगाव-धुळ्याच्या ताटातून समजून घेऊया. कांदा, भरीत, कळण्याची भाकरी, बाजरी, मिरची आणि केळी यांत काय असतं, पोटात गेल्यावर त्याचं काय होतं आणि पेशींपर्यंत काय पोहोचतं?

फ्लेव्होनॉइड म्हणजे काय?

फ्लेव्होनॉइड ही वनस्पतींमध्ये तयार होणारी रसायनं आहेत. त्या सगळ्यांचा सांगाडा एकसारखा असतो : कार्बनच्या दोन षटकोनी कड्या आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनचा पूल. म्हणजे एकूण १५ कार्बन. या सांगाड्याला कुठे ऑक्सिजन, कुठे साखरेचा रेणू जोडला की वेगळं फ्लेव्होनॉइड तयार होतं. अशी हजारो फ्लेव्होनॉइड आजवर सापडली आहेत.

आपल्या खाण्याच्या दृष्टीने त्यांचे सहा मुख्य गट आहेत.

- फ्लेव्होनॉल : कांदा, कांद्याची पात, शेवग्याचा पाला. यातली ओळखीची नावं म्हणजे क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल.
- फ्लेव्होन : ज्वारी, बाजरी, ओवा, मिरची. नावं ॲपिजेनिन, ल्युटिओलिन.
- फ्लेव्हॅनोन : लिंबू, मोसंबी, संत्री. नाव हेस्पेरिडिन.
- फ्लेव्हॅनॉल : चहा, कोको, सफरचंद. यातच कॅटेचिन येतात.
- अँथोसायनिन : जांभूळ, जांभळी वांगी, लाल कांदा, लाल अंबाडीची बोंडं. लाल, जांभळा आणि निळा रंग बहुतेक वेळा यांचाच.
- आयसोफ्लेव्होन : मुख्यतः सोयाबीन.

यातला एक गट तुम्ही घरीच पाहू शकता. शेवभाजीबरोबर लाल कांदा चिरून त्यावर लिंबू पिळा. थोड्याच वेळात कांदा झकास गुलाबी होतो. अँथोसायनिन आंबट वातावरणात लाल-गुलाबी होतं, म्हणून हा बदल दिसतो. पांढऱ्या कांद्यावर कितीही लिंबू पिळलं तरी असं होत नाही, कारण त्यात ते रंगद्रव्यच नसतं.

झाडं ही रसायनं का तयार करतात?

आपल्यासाठी तर नक्कीच नाही. ऊन, किडी आणि बुरशी यांच्यापासून बचाव करायला आणि परागीभवनासाठी कीटकांना बोलवायला झाडं ती बनवतात. उन्हातले अतिनील किरण फ्लेव्होनॉइड शोषून घेतात, त्यामुळे पानांच्या आतल्या पेशी वाचतात. म्हणूनच ही द्रव्यं बहुतेक वेळा सालीत, टरफलात आणि बाहेरच्या थरांत जास्त असतात.

खान्देशातल्या शेतकऱ्यांनी हा खेळ रोज पाहिलेला आहे. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा पांढरट किंवा पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. तो गुलाबी रंग अँथोसायनिनचा. भारतीय रसायनशास्त्रज्ञ टी. आर. शेषाद्री यांनी १९३० च्या दशकात कपाशीच्या फुलांतल्या याच गटातल्या पिवळ्या रंगद्रव्यांवर काम केलं होतं.

दुसरं उदाहरण जमिनीखालचं आहे. कडधान्यांच्या मुळांवर ज्या गाठी येतात, त्यात हवेतला नायट्रोजन पकडणारे जिवाणू राहतात. या जिवाणूंना बोलावण्यासाठी मुळं जमिनीत फ्लेव्होनॉइडच सोडतात.

एके काळी याला 'व्हिटॅमिन पी' म्हणत

फ्लेव्होनॉइडच्या आरोग्याशी असलेल्या नात्याची चर्चा मिरची आणि लिंबापासून सुरू झाली. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे व्हिटॅमिन सी वर काम करत होते. १९३६ मध्ये त्यांनी आणि इश्तवान रुझन्याक यांनी सांगितलं, की हंगेरियन लाल मिरची आणि लिंबाच्या रसातल्या एका अर्कामुळे बारीक रक्तवाहिन्यांमधून होणारी गळती कमी होते. या अर्काला त्यांनी 'व्हिटॅमिन पी' असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, सेंट-ग्यॉर्गींना नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी.

पुढे 'व्हिटॅमिन पी' हे नाव टिकलं नाही. ज्याच्या अभावाने ठरावीक आजार होतो आणि ते दिलं की आजार जातो, त्याला व्हिटॅमिन म्हणतात. फ्लेव्होनॉइडच्या बाबतीत असं काही सिद्ध झालं नाही. १९५० च्या सुमारास हे नाव मागे पडलं.

पण रक्तवाहिन्यांचा धागा पूर्ण तुटला नाही. मूळव्याधीवर डॉक्टर ज्या डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या लिहून देतात, ती दोन्ही फ्लेव्होनॉइडच आहेत.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. फ्लेव्होनॉइड खाल्लं नाही म्हणून कुणाला ठरावीक आजार होत नाही. ती उपयोगी असू शकतात, पण अत्यावश्यक पोषकद्रव्यं नाहीत.

खान्देशी ताटात कुठे काय आहे?

*कांदा :* भारतीय जेवणात क्वेर्सेटिनचा हा एक मोठा स्रोत. १०० ग्रॅम लाल कांद्यात जातीनुसार साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन असतं. पांढऱ्या कांद्यात ते फारच कमी असतं. बाहेरच्या थरांत जास्त आणि गाभ्याकडे कमी, म्हणून कांदा सोलताना दोन-दोन जाड पापुद्रे काढून टाकले तर चांगला भाग कचऱ्यात जातो. शिजवल्याने क्वेर्सेटिन लगेच नष्ट होत नाही. उकळलं तर त्यातलं काही पाण्यात उतरतं, पण आपण रस्सा ओतून देत नाही, त्यामुळे ते ताटातच राहतं. काळ्या मसाल्यासाठी कांदा भाजताना मात्र जो भाग जळून कोळसा होतो, त्यातून काही मिळत नाही.

*भरीत :* इथे मोठा गैरसमज आहे. वांग्याच्या गुणांबद्दलचे बहुतेक लेख जांभळ्या सालीतल्या अँथोसायनिनबद्दल असतात. पण जळगावच्या भरिताचं वांगं जांभळं नसतं. ते मोठं, हिरवट आणि पांढऱ्या रेघांचं असतं. २०१६ मध्ये 'जळगाव भरीत वांगी' या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हिरव्या सालीत जांभळं रंगद्रव्य नसतं. शिवाय भरीत करताना पऱ्हाटीवर वांगं भाजून साल काढूनच टाकतात. म्हणजे 'सालीतला खजिना' भरितात येतच नाही.

मग भरितात काहीच नाही का? आहे. वांग्याच्या गरात क्लोरोजेनिक आम्ल भरपूर असतं. ते फ्लेव्होनॉइड नाही, पण पॉलिफेनॉल या मोठ्या कुटुंबातलंच आहे. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ते यामुळेच. चिरल्यावर गरातलं एक एन्झाइम या आम्लावर काम करतं आणि तपकिरी रंग तयार होतो. भरिताचं वांगं मात्र अख्खं भाजतात. आतपर्यंत उष्णता गेल्यावर ते एन्झाइम निकामी होतं, म्हणून गर फिकट राहतो. त्यात कांद्याची पात घातली की क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉलही येतात. थोडक्यात, भरितातलं फ्लेव्होनॉइड वांग्यापेक्षा पातीतून जास्त येतं.

*मिरची, लसूण, हळद :* मिरचीत थोडं क्वेर्सेटिन आणि ल्युटिओलिन असतं. पण तिखटपणा देणारं कॅप्सेसिन हे फ्लेव्होनॉइड नाही, आणि तिचा लाल रंग कॅरोटिनॉइडचा. लसणाचा वास गंधकाच्या संयुगांचा. हळदीतलं कर्क्युमिनही फ्लेव्होनॉइड नाही. मेसेजमध्ये हे सगळं एकाच नावाखाली खपवलं जातं.

*कळण्याची भाकरी :* ज्वारी आणि सालीसकट काळे उडीद एकत्र दळून कळणा करतात. कडधान्यांतल्या पॉलिफेनॉलचा मोठा वाटा सालीत असतो. म्हणून पांढऱ्या उडीद डाळीपेक्षा सालीच्या उडदातून ती जास्त मिळतात. ज्वारीत धान्याच्या रंगाने फरक पडतो. लाल-तपकिरी ज्वारीत ही द्रव्यं बरीच जास्त असतात, आपल्याकडच्या पांढऱ्या, मोत्यासारख्या ज्वारीत कमी.

*बाजरी :* बाजरीच्या पिठाचा करडा रंग काही प्रमाणात फ्लेव्होनॉइडमुळेच असतो. आंबट ताकात भिजवलं की तो फिका पडतो, खार किंवा सोडा पडला की पिवळसर-हिरवी झाक येते. बाजरीबद्दल सावधगिरीची एक गोष्टही आहे, ती पुढे येईल.

*फळं :* मेहरूणची बोरं, जांभळं, पेरू, लिंबू आणि मोसंबी यांत वेगवेगळी फ्लेव्होनॉइड असतात. लिंबूवर्गीय फळांत हेस्पेरिडिन रसापेक्षा सालीखालच्या पांढऱ्या भागात जास्त असतं. मोसंबीचा गाळलेला रस पिण्यापेक्षा फोडी खाल्लेल्या बऱ्या, त्यामागचं हे एक कारण.

पोटात गेल्यावर काय होतं?

ताटात किती आहे हा अर्धाच प्रश्न झाला. रक्तात किती पोहोचतं हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक फ्लेव्होनॉइड अन्नात साखरेच्या रेणूला जोडलेली असतात. ही साखर कोणती, यावर ती कुठे शोषली जाणार हे ठरतं. कांद्यातल्या क्वेर्सेटिनला ग्लुकोज जोडलेलं असतं. लहान आतड्याच्या अस्तरातलं एन्झाइम ते सहज तोडतं आणि क्वेर्सेटिन तिथेच आत घेतलं जातं. चहा आणि इतर काही पदार्थांत ते रुटिन या रूपात असतं. रुटिनची साखर लहान आतड्यात तुटत नाही, त्यामुळे ते मोठ्या आतड्यापर्यंत जातं आणि तिथले जिवाणू त्याचं काम करतात.

नेदरलँड्समधले संशोधक पीटर हॉलमन यांच्या गटाने १९९५ मध्ये हे मोजलं. मोठं आतडं शस्त्रक्रियेने काढलेल्या नऊ जणांवर ही चाचणी झाली, म्हणजे जिवाणूंचा वाटा बाजूला ठेवून फक्त लहान आतड्याचं काम पाहता आलं. कांद्यातलं क्वेर्सेटिन ५२ टक्के शोषलं गेलं, शुद्ध रुटिनमधलं फक्त १७ टक्के. पुढच्या चाचणीत कांद्यातलं क्वेर्सेटिन तासाभराच्या आत रक्तात सर्वोच्च पातळीवर पोहोचलं, रुटिनला सुमारे नऊ तास लागले.

पण शोषलं गेलं म्हणजे जसंच्या तसं पेशीत पोहोचलं असं नाही. आतड्याची भिंत आणि यकृत फ्लेव्होनॉइडला परकं द्रव्य समजतात. औषधाच्या गोळीवर जी प्रक्रिया होते, तशीच त्यावर होते. त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं जातं आणि पुढे लघवी-पित्तावाटे ते बाहेर काढलं जातं. म्हणजे रक्तात फिरतं ते मूळ क्वेर्सेटिन नव्हे, तर त्याची बदललेली रूपं, आणि तीही अगदी थोड्या प्रमाणात.

उरलेलं मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू त्याचे छोटे तुकडे करतात आणि त्यातले काही रक्तात येतात. प्रत्येकाच्या पोटातले जिवाणू वेगळे, म्हणून तुकडेही वेगळे. सोयाबीनमधल्या एका आयसोफ्लेव्होनपासून 'इक्वॉल' नावाचं द्रव्य बनतं, पण ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकच पदार्थ एकाला मानवतो आणि दुसऱ्यावर काहीच परिणाम दिसत नाही, याचं हे एक कारण असू शकतं.

पेशींमध्ये नेमकं काय घडतं?

जुनी समजूत अशी होती : शरीरात फ्री रॅडिकल नावाचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि फ्लेव्होनॉइड त्यांना गिळून टाकतात. परीक्षानळीत ते खरंच तसं करतात. पण शरीरात व्हिटॅमिन सी किंवा युरिक आम्लाच्या तुलनेत त्यांची रक्तातली पातळी इतकी कमी असते, की थेट 'गिळण्याचं' काम त्यांच्याकडून फारसं होत नाही.

पदार्थांची 'अँटिऑक्सिडंट ताकद' सांगणारे ओआरएसी नावाचे आकडे अनेक जाहिरातींत अजूनही दिसतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने हे आकडे २०१२ मध्येच आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले. परीक्षानळीतल्या आकड्यांवरून शरीरात काय होईल हे सांगता येत नाही आणि कंपन्या त्यांचा गैरवापर करतात, अशी कारणं त्या वेळी देण्यात आली होती.

आजची समजूत वेगळी आहे. फ्लेव्होनॉइड आणि त्यांचे तुकडे पेशीला संदेश देतात, असं मानलं जातं. त्यातल्या तीन वाटा महत्त्वाच्या.

पहिली, पेशीची स्वतःची संरक्षण यंत्रणा. पेशीत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन असतं. एरवी ते बांधून ठेवलेलं असतं. फ्लेव्होनॉइडसारखं परकं द्रव्य आलं की ते सुटतं, केंद्रकात जातं आणि संरक्षक एन्झाइम बनवणारी जनुकं चालू करतं.

दुसरी, दाह म्हणजे सूज. एनएफ-कॅपा-बी नावाचं प्रथिन दाह वाढवणारी जनुकं चालू करतं. काही फ्लेव्होनॉइड त्याचं काम मंदावतात.

तिसरी, रक्तवाहिन्यांचं अस्तर. या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, त्यामुळे रक्तवाहिनी सैल होते आणि रुंदावते. कोकोतल्या फ्लेव्हॅनॉलमुळे माणसांमध्ये हा परिणाम मोजता येतो. त्याचा पुरावा या तिघांत सर्वात भक्कम आहे. पहिल्या दोन वाटांचं बरंचसं ज्ञान अजून प्रयोगशाळेतलं आहे.

आता 'कॅन्सर विसरा' या दाव्याकडे येऊ. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर क्वेर्सेटिन टाकलं की त्या मरतात, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण त्या बशीत टाकलेली मात्रा कांदा खाऊन रक्तात येणाऱ्या पातळीच्या कित्येक पट असते. शिवाय तिथे मूळ क्वेर्सेटिन टाकतात, शरीराने बदललेलं रूप नाही. बशीत पेशी मेल्या म्हणून माणूस बरा होतो असं नाही. कॅन्सरचे उपचार थांबवून कांदा, पाला किंवा कॅप्सूलवर भरवसा ठेवणं म्हणजे बरा होऊ शकणारा आजार हातचा घालवणं.

केळीची अनपेक्षित गोष्ट

जळगाव म्हटलं की केळी आलीच. रावेर-यावलच्या केळीबागांची ओळख देशभर आहे आणि २०१६ मध्ये 'जळगाव केळी'लाही भौगोलिक मानांकन मिळालं. पण फ्लेव्होनॉइडच्या हिशेबात केळ्याच्या गराचा क्रमांक खाली लागतो.

एवढंच नाही. केळं सोलून ठेवलं की काळं पडतं, कारण त्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम भरपूर असतं. चिरलेलं वांगं काळं करतं ते याच जातीचं. या एन्झाइमचं आणि फ्लेव्हॅनॉलचं जमत नाही. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एका छोट्या चाचणीत लोकांना फ्लेव्हॅनॉल दिलं, कधी केळ्याच्या स्मूदीतून तर कधी कॅप्सूलमधून. केळ्याच्या स्मूदीनंतर शरीरातली फ्लेव्हॅनॉलची पातळी कॅप्सूलच्या तुलनेत ८४ टक्के कमी निघाली. बेरीच्या स्मूदीत असा फरक पडला नाही.

याचा अर्थ केळं वाईट, असा मुळीच नाही. केळं खायचं ते ऊर्जा, पोटॅशियम आणि व्हिटॅमिन बी-६ साठी. शिकरणात तर फ्लेव्हॅनॉल नसतंच, मग कमी काय होणार? पण कोको किंवा बेरी 'अँटिऑक्सिडंटसाठी' केळ्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवत असाल, तर त्यातलं बरंच फ्लेव्हॅनॉल वाया जातं. केळं वेगळ्या वेळी खाल्लेलं बरं.

माणसांवरचा पुरावा काय सांगतो?

या विषयातला गाजलेला अभ्यास नेदरलँड्समधल्या झुटफेन शहरातला, १९९३ साली प्रसिद्ध झालेला. ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांचं पाच वर्षं निरीक्षण केलं. त्यांना फ्लेव्होनॉइड मिळत होती ती मुख्यतः चहा, कांदा आणि सफरचंदातून. जे जास्त फ्लेव्होनॉइड खात, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी खाणाऱ्यांपेक्षा बरेच कमी होते.

पण हा निरीक्षणाचा अभ्यास होता. फळं-भाज्या जास्त खाणारी माणसं इतर बाबतींतही काळजी घेणारी असू शकतात. मग फायदा फ्लेव्होनॉइडचा की राहणीचा?

यासाठी प्रत्यक्ष चाचणी लागते. अमेरिकेतल्या कॉसमॉस चाचणीत २१,४४२ ज्येष्ठ नागरिकांना दोन गटांत विभागलं. एका गटाला रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लेव्हॅनॉल, दुसऱ्याला दिसायला तशीच पण रिकामी कॅप्सूल. २०२२ मध्ये निकाल आला. हृदयविकार, पक्षाघात अशा एकूण घटनांमध्ये ठोस फरक दिसला नाही. हृदयविकारामुळे झालेले मृत्यू मात्र २७ टक्के कमी होते. हा चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, म्हणून तो आकडा आशादायक असला तरी अंतिम नाही.

एकूण चित्र असं : फ्लेव्होनॉइड असलेलं जेवण हृदयासाठी चांगलं असण्याची शक्यता बरीच आहे. एखादं फ्लेव्होनॉइड वेगळं काढून गोळीतून घेतलं तर आजार टळतो, असा पक्का पुरावा नाही.

तोटेही आहेत का?

आहेत, आणि त्यातला पहिला आपल्या घराघरातला आहे.

*जेवणाबरोबरचा चहा आणि लोह :* चहातली पॉलिफेनॉल भाकरी, डाळ आणि पालेभाजीतल्या लोहाला पकडून ठेवतात. जेवणाबरोबर काळा चहा घेतला तर या लोहाचं शोषण ६० टक्क्यांहून जास्त घटू शकतं. दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये ॲनिमिया आहे. ज्या घरात लोह मुख्यतः भाकरी-भाजीतून येतं, तिथे जेवण झाल्या झाल्या चहा घेणं परवडणारं नाही. जेवण आणि चहा यात किमान तासाभराचं अंतर ठेवा. उलट जेवताना लिंबू पिळलं तर व्हिटॅमिन सी मुळे लोह जास्त शोषलं जातं.

इथे एक सूचना. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजारही आढळतो. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी आलं म्हणजे लोहच कमी आहे असं गृहीत धरू नका. आधी तपासणी करा.

*बाजरी आणि थायरॉइड :* बाजरीतली काही फ्लेव्होनॉइड थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. एदुआर्दो गायतान यांच्या गटाने १९८९ मध्ये हे दाखवून दिलं. सुदानमधल्या ज्या भागात बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीनची कमतरता, तिथे गलगंड जास्त दिसत होता. आपल्याकडे आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचलं आहे आणि ज्वारी, गहू, तांदूळही खाल्ले जातात. त्यामुळे हिवाळ्यात बाजरीची भाकरी खायला घाबरण्याचं कारण नाही. पण तीनही वेळा बाजरीच आणि आयोडीन नसलेलं मीठ, ही जोडी टाळा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोला.

*कॅप्सूल :* बाजारात ५०० मिलिग्रॅम क्वेर्सेटिनच्या गोळ्या मिळतात. तेवढं कांद्यातून मिळवायचं तर सव्वा ते अडीच किलो कांदा लागेल. इतकी मात्रा रोज घेण्याची शरीराला सवय नाही. ग्रीन टीच्या अर्काच्या बाबतीत युरोपच्या अन्न सुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये इशारा दिला : पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी हे कॅटेचिन घेतल्यास यकृतावर ताण येत असल्याची चिन्हं दिसतात. ग्रीन टी पिणं आणि तिच्या अर्काची कॅप्सूल घेणं यात हा फरक आहे.

*औषधं :* जे यकृत आणि आतडं फ्लेव्होनॉइडवर प्रक्रिया करतं, तेच औषधांवरही करतं. त्यामुळे मोठ्या मात्रेतल्या गोळ्या औषधाचं काम बिघडवू शकतात. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची, अवयव प्रत्यारोपणानंतरची किंवा कॅन्सरची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी कोणतीही गोळी घेऊ नका. जेवणातला कांदा-लिंबू चालतो, प्रश्न अर्कांचा आहे.

मग रोजच्या जेवणात काय करायचं?

- कांदा लाल निवडा, फक्त वरचं वाळलेलं टरफल काढा. कच्चा खा किंवा शिजवून, दोन्ही चालतं.
- भरितात कांद्याची पात हात सैल सोडून घाला.
- डाळ आणि कडधान्यं अधूनमधून सालीसकट खा. कळण्याची भाकरी हे त्याचं तयार उत्तर आहे.
- ज्वारी, बाजरी, गहू आलटून-पालटून खा. मीठ आयोडीनचंच वापरा.
- ऋतूप्रमाणे बोरं, जांभळं, पेरू, मोसंबी खा. रसापेक्षा अख्खं फळ बरं.
- जेवताना लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या.
- केळं केळं म्हणून खा, कोको-बेरीच्या स्मूदीत टाकू नका.
- 'अमुक द्रव्याने तमुक आजार बरा' असा मेसेज आला तर एक प्रश्न विचारा : हे बशीतल्या पेशींवर दिसलं, उंदरांवर की माणसांवर? उत्तर नसेल तर मेसेज पुढे पाठवू नका.

फ्लेव्होनॉइड हे औषध नाही आणि थोतांडही नाही. भाज्या, कडधान्यं आणि फळांतून मिळणाऱ्या अनेक गोष्टींपैकी ती एक आहे. तंतू, लोह, पोटॅशियम आणि जीवनसत्त्वं त्याच घासात येतात, कॅप्सूलमध्ये येत नाहीत. त्यासाठी वेगळा खर्चही करावा लागत नाही. रोजच्या बाजारातली भाजी आणि घरातलं दळण पुरेसं आहे.